माडीवरच्यांची चौकशी

६ ऑक्टोबर २०२४, रविवार

माडीवर आज नवे भाडेकरू आले. जुने गेल्यापासून दोन्ही खोल्या रिकाम्या होत्या आणि मंगलने तिथं पापडाचे डबे, जुनी रद्दी आणि माझी नोकरीतली ट्रंक असा संसार मांडला होता. तो सकाळी खाली उतरवला. माझी कंबर धरली आणि बायकोची जीभ सुटली, दोन्ही नेहमीप्रमाणे.

पोराचं नाव राजस. कुपवाडला एमआयडीसीत एका वर्कशॉपमध्ये मशीनवर आहे. त्याची बायको सृष्टी, घरीच असते. गाव विचारलं तर दोघंही एकदम "उंब्रज" म्हणाले. सासर-माहेर एकाच गावात कसं, असं मी विचारल्यावर पोरगा म्हणाला, गाव मोठं आहे काका. पोरीचं आधारकार्ड मागितलं, तर लग्नानंतर नाव बदलायला दिलंय म्हणे. पोराचं दिलं, त्यावर उंब्रजच आहे. अकरा महिन्यांचा करार झाला. पोलीस ठाण्यात माहिती द्यायची ती पोराचीच दिली.

एसटीत माझा उभा जन्म गेला, त्यातला बराचसा तिकीट तपासनीस म्हणून. गाडीत चढलो की कोण कुठं बघतंय यावरून मला अर्धं काम कळायचं. ही दोघं आल्यापासून फाटकाकडे बघतायत.

आणखी एक. लग्नाला चार महिने झाले म्हणतात. सामान रिक्षातून आलं. एक गादी, शेगडी, दोन बॅगा आणि पोत्यात भांडी. मंगल भांडी लावू लागली म्हणून मलाही बघायला मिळाली. सगळी दुकानातून आणलेली, कोरी. एकावरही नाव घातलेलं नाही. आमच्या फडताळातल्या तांब्या-परातींवर अजून माझे मामा, आत्या आणि मेलेले चुलते वाचता येतात. लग्न झालं आणि आहेराचं एक भांडं आलं नाही, हे कसं? मंगल म्हणाली, गावाकडं ठेवली असतील, तुमी आधी कमरेला तेल लावा. तेल लावलं. पण गोष्ट डोक्यातून गेली नाही.

९ ऑक्टोबर

संध्याकाळीच टाकी रिकामी. दोन माणसांना एवढं पाणी लागतं? वर जाऊन चार शब्द सुनावले. पोरगी दार अर्धंच उघडून ऐकत होती. ती फक्त "व्हय काका" म्हणाली. नंतर प्लंबर आला. टाकीचा कॉक गळत होता आणि सगळं पाणी मागच्या भिंतीतून मुरत होतं. भिंतीला ओल आली ती निराळीच. घरमालक होणं म्हणजे लोकांना वाटतं बसून खाणं. पाणी, वीज, ओल, कचरागाडी आणि वरून कुणी चपला कुठं काढल्या ते बघणं, हे सगळं माझ्याच गळ्यात.

कॉकचं वर जाऊन सांगायला हवं होतं. गेलो नाही.

१९ ऑक्टोबर

पोरगी खालच्या दुकानापर्यंत जातानासुद्धा तोंडाला स्कार्फ बांधते. गाडीवर बसताना पोरी बांधतात ते मला माहीत आहे, पण ही चालत जाते. खिडक्यांना पडदे. पार्सल आलं तर पोराच्या नावाने, आणि तेही तो घरी असताना. परवा लाइट बिलाची माहिती द्यायला पायऱ्या चढलो, तर आत बोलणं चाललं होतं, ते माझ्या पावलांबरोबर थांबलं. मी कडी वाजवली. बराच वेळ कुणी हललं नाही. मी "काका आहे" म्हटल्यावर दार उघडलं.

आज मात्र एक धागा हाती लागला. पोरगी खाली मंगलबरोबर कांदे निवडत बसली होती. मी पेपर उघडा धरून ऐकत होतो. बोलता बोलता ती म्हणाली, आमच्याकडं लिलावाच्या दिवशी स्टँडपासून कांद्याच्या गाड्यांची रांग लागती, शाळेतून यायला वाट मिळायची न्हाई. उंब्रजला मी शेकडो वेळा उतरलोय. असली कांद्याची रांग लोणंदला लागते. म्हणजे तिकीट उंब्रजचं आणि बाई बसली लोणंदला. मी पेपर खाली घेतला तर ती एकदम लसूण सोलायला लागली.

मंगलला सांगितलं. ती म्हणाली, असंल मामाचं गाव. तिला सगळ्यांची मामाची गावं सुचतात.

३ नोव्हेंबर, भाऊबीज

काल पाडवा झाला. लग्नानंतरची पहिली दिवाळी, आणि जावई दिवाळसणाला गेला नाही, सासरहून कुणी बोलवायला आलं नाही, फोनसुद्धा वाजला नाही. दोघांनी माडीवर बसून आमच्याच घरचा फराळ खाल्ला. मंगलने दोनदा ताट भरून पाठवलं. माझ्या चकल्या त्यात गेल्या.

सकाळी मंगलचा धाकटा भाऊ तात्या ओवाळून घ्यायला आला. त्याची भाजीची पिकअप गाडी आहे, मिरजेच्या बाजूच्या खेड्यांतून माल आणतो. गल्लीत गाडी लावली की मेथीचा पाला सांडून जातो आणि मी झाडतो. मंगलने त्याच्याबरोबर आणि मग सृष्टीबरोबर मोबाइलवर फोटो काढले. पोरगी आधी नको नको म्हणत होती. काढल्यावर मंगलचा हात धरून म्हणाली, काकू, स्टेटसला ठेवू नका एवढं. मंगलने ठेवला नाही. का ठेवायचा नाही, हे तिने विचारलंसुद्धा नाही.

दिवस बुडाल्यावर टाकी बघायला गच्चीवर गेलो. पोरगी ताट घेऊन उभी होती. द्वितीयेची बारीक कोर दिसत होती, तिला ओवाळत होती. ज्या बाईला भाऊ नाही ती चंद्राला ओवाळते, हे सगळ्यांना माहीत आहे. पण हिने गेल्याच आठवड्यात मंगलला सांगितलं होतं की तिला दोन भाऊ आहेत, थोरल्याने तिला सायकल शिकवली. मग चंद्र कशाला? मी तिथंच विचारणार होतो, पण तिचे डोळे भरलेले होते, आणि रडणाऱ्या माणसाला प्रश्न विचारला की ते आणखी खोटं बोलतं, हा माझा अनुभव आहे. गुपचूप खाली आलो.

गाव खोटं, भाऊ खोटे. आता लग्न खरं आहे का, एवढंच राहिलं.

१२ नोव्हेंबर

पलीकडच्या गल्लीत एकाने असाच चौकशी न करता भाडेकरू ठेवला होता. तो कुठल्याशा चोरीतला निघाला. पोलीस आले ते आधी घरमालकाला घेऊन गेले, बिचारा दोन दिवस ठाण्याच्या बाकावर बसून होता. हे घर माझ्या फंडाच्या पैशावर उभं आहे आणि या वयात मला बाकावर बसायचं नाही.

हंबीरराव माझ्याबरोबर तपासणीला होता. आता लोणंदला घर बांधून राहिलाय. त्या पट्ट्यातलं कुठलं घर कुणाचं पाहुणं, हे त्याला तोंडपाठ. मंगल देवळात गेल्यावर तिच्या मोबाइलमधला फोटो माझ्याकडे घेतला आणि त्याला पाठवला. खाली लिहिलं, मुलीचं नाव सृष्टी, आमच्याकडे भाड्याने आहे, कुणाची आहे एवढं बघ. लग्न जमवतानासुद्धा आपण अशीच चौकशी करतो, त्यात गैर काही नाही. मंगलला सांगितलं नाही, कारण ती उगाच शब्दाला शब्द वाढवते.

२६ नोव्हेंबर

आठवडाभर रोज सकाळी वरून उलट्यांचा आवाज येतोय. राजसला विचारलं, तो "पित्त झालंय" म्हणाला आणि लाजल्यासारखा हसला. हसण्यासारखं त्यात काय? मला वाटलं, टाकीचं पाणी खराब आहे असं उद्या हेच गावभर सांगतील. म्हणून माणूस बोलावून टाकी आतून घासून घेतली. तरी आज सकाळी पुन्हा उलटी.

मंगल रोज काहीतरी झाकून वर नेते. चिंच, आवळे, काल भाजलेली माती विकणाऱ्या बाईकडून काहीतरी घेतलं. मी विचारलं तर म्हणते, तुमाला काय कळतंय त्यातलं. या घरात दोन पक्ष झालेत आणि मी एकटा एका पक्षात आहे.

५ डिसेंबर

हंबीररावचा फोन आला. त्याला स्वतःला पोरगी ओळखू आली नाही, पण त्याने फोटो चार ठिकाणी फिरवला होता. आणि तासाभरात दुसरा फोन आला. मुलीचे चुलते, उदयसिंह म्हणून. गाव लोणंदच्या पलीकडचं, मोठी बागायत, घरात दोघंतिघं मिल्ट्रीत. काय बोलणं माणसाचं. सुरुवातीलाच म्हणाले, साहेब, तुमचे उपकार कसे फेडू.

त्यांनी सगळं सांगितलं. पोरगी घरात बोलाचाली झाली म्हणून रुसून गेली. पोरगा आपल्यातला नाही, पण आता झालं ते झालं, म्हणाले. कागदावरचं लग्न आहे, ते आम्ही मांडव घालून परत लावून देऊ. तिच्या आईने अन्न टाकलंय. दोन्ही भाऊ वेड्यासारखे शोधतायत. म्हणजे भाऊ खरे होते तर. मग चंद्राला ओवाळायचं नाटक कशाला, हे मला अजून कळलेलं नाही.

शेवटी म्हणाले, पोरगी हट्टी आहे, आम्ही येतोय कळलं तर पुन्हा कुठंतरी जाईल, म्हणून तुमच्यापाशीच ठेवा. घरात बायकांनासुद्धा नको, बायकांच्या पोटात राहत नाही. ते मला पटलं.

१६ डिसेंबर

उदयसिंहांना आज भेटलो. घरी येतो म्हणाले नाहीत, पोरीने बघितलं तर सगळं मुसळ केरात. स्टेशनजवळच्या हॉटेलात बसलो. बरोबर दोन तरणी पोरं होती, सृष्टीचे भाऊ. मी भडंग आणि चहा मागवला, पैसे त्यांनी मला देऊ दिले नाहीत. पांढरे कपडे, बोटात अंगठी, माझ्या पाया पडायला वाकले, मीच धरलं. घरंदाज माणूस लगेच कळतो.

सगळं किती बारकाईनं विचारलं. पोरगा पाळीवरून कधी सुटतो, कुठल्या रस्त्याने येतो, एकटा येतो की कुणी बरोबर असतं. माडीचा जिना घरातून आहे की मागून. मागच्या गल्लीत गाडी जाते का. शेजारी कोण राहतं, कुत्रं आहे का. मी म्हटलं, आत येणाऱ्या पाहुण्याला कुत्र्याची काय भीती. ते हसले. थोरला भाऊ हसला नाही. माझ्याकडे दुसरी किल्ली आहे का, तेही विचारलं. मी म्हटलं, आहे की, खुंटीलाच असते, मालकाकडे किल्ली नको का?

संक्रांतीला येणार आहेत. वाण घेऊन, सुगडं घेऊन, आईलाही आणणार. पोरीला दारातच आई दिसली पाहिजे, म्हणाले. माझ्या डोळ्यात पाणी आलं. माझी लेक लग्नानंतर पहिल्यांदा घरी आली तो दिवस आठवला. एखाद्याचं मोडलेलं घर आपल्यामुळं सांधलं जाणार, असं काम मी उभ्या नोकरीत केलं नव्हतं. मी फक्त दंड केले.

२२ डिसेंबर

मला राहवलं नाही. जेवताना मंगलला सांगून टाकलं. तिचा चेहरा फुलेल असं वाटलं होतं. तिने हातातली भाकरी ताटात ठेवली.

"तुमी पत्ता दिला?"

"हंबीररावानं दिला. पण माणसं लय चांगली हायत. वाण घेऊन येणार हायत."

"आणि पोरगा कवा सुटतो ते कशाला विचारलं त्यांनी?"

मी म्हटलं, दोघं एकदम घरी सापडावेत म्हणून. मग तिने विचारलं, खरंच आई येणार आहे का तिची. मी म्हटलं, येणार म्हणालेत. त्यानंतर ती जेवली नाही, भांडी घासायला बसली, आणि घासलेली भांडी परत घासत राहिली. मला वाटलं, पोरगी जाणार म्हणून हिला वाईट वाटलं असावं. जीव लावून बसते कुणालाही.

३ जानेवारी २०२५

घरात काहीतरी शिजतंय. मंगल दोनदा तात्याकडे जाऊन आली. भाऊबीजेनंतर वर्षभर न जाणारी बाई पंधरा दिवसांत दोनदा. विचारलं तर म्हणाली, त्याची बायको आजारी आहे. तात्याला फोन केला तर बायकोनेच उचलला, खणखणीत आवाजात.

तिची हिरवी साडी कपाटात नाही. खुंटीवरची माडीची किल्लीही नाही. मंगल म्हणते पडली असेल कुठंतरी. मला खात्री आहे, वरच्यांनीच ती उचलली. राजस हल्ली घरी यायची वेळ बदलतोय, कधी लवकर, कधी उशिरा, आणि परवा गाडी दुसऱ्याच कुणाची घेऊन आला. मी दारात उभा होतो. तो थांबला नाही, बघितलंही नाही. पूर्वी नमस्कार करायचा.

उदयसिंहांना फोन करून हे सगळं सांगितलं. ते म्हणाले, लक्ष ठेवा साहेब.

९ जानेवारी

आजचं सगळं लिहून ठेवायचं आहे.

सकाळी पेन्शनच्या कामाला बँकेत गेलो होतो. परत आलो तर माडीचं दार उघडं. दोन्ही खोल्या रिकाम्या. फरशी पुसलेली, शेगडीखालचा ओटा घासलेला, खिडकीत दोन्ही किल्ल्या ठेवलेल्या. मी जिन्यातच ओरडलो, मंगल, पळाली बघ. ती मोरीत होती. माझं डोकं इतकं फिरलं की मी तिथूनच उदयसिंहांना फोन लावला. माझे शब्द संपायच्या आत त्यांनी शिवी दिली. मला वाटलं पोराला दिली. ती मला होती.

दुपारी दोन गाड्या आल्या. ते काही लोणंदहून निघालेले नव्हते, इतक्या लवकर कुणी येत नाही. म्हणजे ते सांगलीतच होते, संक्रांतीला पाच दिवस असताना. गाड्यांतून माणसं उतरली. मी आईला शोधत होतो. वहिनी कुठायत, असं मी म्हणणारही होतो. एकही बाई नव्हती. पोरीला माहेरी न्यायला आले होते आणि ओटी भरायला नारळ नव्हता, खण नव्हता, वाण नव्हतं, पाण्याची बाटलीसुद्धा नव्हती. थोरल्या भावाने मागच्या सीटवरून काहीतरी पोत्यात गुंडाळलेलं काढलं आणि परत ठेवलं. त्या पोत्याकडे बघताना हॉटेलातला एकेक प्रश्न मला आता वेगळा ऐकू यायला लागला. पाळी. रस्ता. एकटा येतो का. मागची गल्ली. मीच सगळं सांगितलं होतं, भडंग खात.

ते चपलांसकट माडीवर गेले. वर दार आपटल्याचा, काहीतरी फोडल्याचा आवाज आला. खाली आले ते उदयसिंहांनी माझ्या सदऱ्याची कॉलर धरली. पांढरे कपडे तेच, अंगठी तीच.

"कुणाच्या गाडीतनं गेली?"

माझी नजर गल्लीत गेली. मेथीचा पाला सांडला होता, माडीच्या जिन्यापासून कोपऱ्यापर्यंत. तो सकाळी बँकेत जाताना नव्हता. आयुष्यभर मी असल्याच गोष्टी बघत आलो, मला एका क्षणात सगळं कळलं. कुणाची गाडी, कुणी बोलावली, हिरवी साडी कुणाच्या अंगावर गेली आणि किल्ली कुणी दिली. मंगल दारात उभी होती. तिने पदर तोंडाला लावला होता आणि ती त्यांच्याकडे बघत नव्हती, माझ्याकडे बघत होती. त्यांच्यापेक्षा ती मला घाबरली होती.

"माहीत न्हाई," मी म्हटलं. "मी बँकेत होतो. भाडं बुडवून पळाली. तुमीच भरा आता त्यांचं भाडं."

त्याने मला ढकललं. मी फाटकावर आपटलो, कोपर सोललं. धाकटा भाऊ पुढे होऊन त्याला मागे ओढायला लागला, म्हाताऱ्याला काय मारता काका, म्हणाला. शेजारचे लोक बाहेर आले, तेव्हा ते गाड्यांत बसले. जाताना थोरला खिडकीतून म्हणाला, पोरगी कुठं जाईल, कधी ना कधी गावंलच. बोलताना तो अगदी शांत होता.

मी खराटा घेऊन पाला झाडला. गाड्या परत फिरून येतील असं वाटत होतं, म्हणून घाईघाईने झाडला.

१० जानेवारी

सकाळी पोलीस ठाण्यात जाऊन जे घडलं ते सांगितलं. पोत्याचंही सांगितलं. हंबीररावला फोन करून फोटो काढून टाकायला सांगितला. तो म्हणाला, नाना, माझ्याकडचा काढतो, पण आता तो कुठं कुठं गेलाय देव जाणे.

मग मंगलजवळ बसलो. ती भाजी निवडत होती. पोरीला दिवस गेलेत, हे तिने आत्ता सांगितलं. दोन महिने माझ्या डोक्यावर उलट्यांचा आवाज येत होता आणि मी टाकी घासून घेतली. मंगलने डिसेंबरातच वर जाऊन सगळं सांगितलं होतं. त्या दिवसापासून पोरगी गादीवर झोपत नव्हती म्हणे, दाराला पाठ लावून बसायची. राजस जागा शोधत होता, ती मिळेपर्यंत एवढे दिवस गेले.

मी विचारलं, कुठं आहेत आता.

"ते तुमाला सांगायचं न्हाई."

मला राग आला. मी म्हटलं, अगं, काल कॉलर धरली तरी मी तात्याचं नाव घेतलं नाही. पाला बघूनसुद्धा बोललो नाही.

"काल न्हाई बोलला. ते मी बघितलं. पण त्येच्या आधी बोललावता न्हवं? सगळं बोललावता." ती भाजीकडे बघतच बोलत होती. "आवं, मी तुमच्यासंगं सगळा जन्म काढला. उद्या कुणी पांढऱ्या कपड्यातला आला, गोड बोलला, की तुमी परत सांगणार. तुमी वाईट न्हाई. पण मी सांगणार न्हाई."

मी उठून माडीवर गेलो. काल आलेल्यांनी मोरीचा नळ फोडला होता, पाणी वाहत होतं. तो बंद केला. मग त्या दाराला पाठ लावून बसलो. समोर खिडकी आहे, पण तिथून फाटक दिसत नाही, फक्त पावलांचा आवाज येतो. मी रोज वर चढताना तो आवाज तिला कसा ऐकू येत असेल, हे मला तिथं बसल्यावर कळलं. मला स्वतःची लाज वाटली. आजपर्यंत इतकी कधी वाटली नव्हती.

४ मार्च

माडी अजून रिकामी आहे. दोघं बघून गेले, मीच नाही म्हटलं. मंगलने मोबाइलला नंबर घातलाय. पूर्वी तो उघडाच असायचा, कुठंही पडलेला. तिचा फोन वाजला की ती मागच्या दारी जाते. मी पूर्वी कान देत होतो. आता रेडिओ मोठा करतो.

१९ जुलै

काल मंगल दिवसभर शिवत बसली होती. मऊ जुन्या साडीचं दुपटं आणि पिवळ्या कापडाची कुंची. आज सकाळी पिशवी भरली, डिंकाचे लाडू घेतले. दोन दिवस जाऊन येते म्हणाली. कुठं ते बोलली नाही, आणि मी विचारलं नाही. स्टँडपर्यंत सोडतो म्हटलं, त्याला हो म्हणाली.

स्कूटरवर मागं बसून तिने पिशवी आमच्या दोघांमध्ये धरली होती. वाटेत मला सारखं वाटत होतं, आता सांगेल. मुलगा की मुलगी, एवढं तरी. बाळाचं वजन किती, पोरगी बरी आहे का, राजसला तिकडं काम मिळालं का. मी एकदा मान वळवून म्हटलं, तब्येत बरी आहे ना. कुणाची ते म्हटलं नाही. ती म्हणाली, "बरी हाय."

स्टँडच्या फाटकाशी ती उतरली. पदर नीट केला, पिशवी दुसऱ्या हातात घेतली, आणि उभी राहिली. आत गाड्या लागल्या होत्या, कंडक्टर ओरडत होते, कुठली गाडी कुठं जाते हे मला पाटी न बघता कळतं. तिलाही ते माहीत आहे. ती एकाही गाडीकडे गेली नाही. माझ्याकडे बघत तशीच थांबली, मी जायची वाट बघत.

तिच्या तोंडावर राग नव्हता. तिने मला जपून जा, असं म्हटलं.

मी स्कूटर वळवली. कोपऱ्यावर आरशात ती दिसली असती, पण मी आरशात बघितलं नाही. घरी येऊन माडी झाडली.